अणुपाणबुडीवरची उमेदवारी

(शतसंवत्सरी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



मुंबईहून सुरतेकडे जाणारी गाडी मरोली मागे टाकून सचिनच्या फलाटावर थांबते, तेव्हा खिडकीतून दिसतात त्या कारखान्यांच्या चिमण्या. औद्योगिक वसाहतीतील यंत्रमागांचा आणि कापड रंगविणाऱ्या गिरण्यांचा हा गाव. धुळे, नंदुरबार, जळगाव या बाजूंनी आलेली मराठी कुटुंबे या पट्ट्यात स्थायिक झाली आहेत. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि लग्नपत्रिकेत शुद्ध मराठी, असा त्यांचा भाषाव्यवहार. ज्या तापीचे पाणी भुसावळात प्यायचे, तिच्याच मुखापाशी येऊन पोट भरायचे, एवढाच काय तो फरक. अशा घरातील एखादा मुलगा बारावीच्या उंबरठ्यावर उभा राहून म्हणाला की, ‘मला अणुपाणबुडीवर अधिकारी व्हायचे आहे,’ तर वडील बहुधा हसतील आणि आई विचारील, ‘ते कुठे असते?’ आजच्या व्याख्यानाचा विषय हाच : ते कुठे असते, तेथे जाण्याची उमेदवारी कशी करावी लागते, आणि त्या उमेदवारीत माणसाचे नेमके काय पारखले जाते.

सचिनला समुद्र अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत सचिन हे एक संस्थान होते आणि त्याचे नवाब जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले होते. जंजिऱ्याच्या गादीवरून तंटा झाला, तेव्हा बाळू मियाँ नावाचा वारस पुण्यास पेशव्यांच्या आश्रयाला आला. १७९१ च्या कराराने त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि मोबदल्यात सचिनचा मुलूख पदरात पाडून घेतला. पेशव्यांच्या हाती त्यातून काय लागले? कागद. जंजिरा काही मिळाला नाही, तो सिद्द्यांकडेच राहिला. पण या देवघेवीच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधीपासून सिद्दी हा मोगलांचा दर्यासारंग होता आणि त्याच्या आरमाराचा खर्च सुरतेच्या महसुलातून चालत असे. तेव्हा मराठी मुलुखाचा, सुरतेचा आणि आरमाराचा संबंध फार जुना आहे. तो नेहमीच प्रेमाचा होता असे मात्र नाही.

आजचा संबंध अधिक जवळचा आहे. सचिनपासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर, तापीच्या मुखाशी, हजिरा आहे. भारताची पहिली स्वदेशी अणुपाणबुडी ‘अरिहंत’ हिचे पोलादी कवच तेथील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडले. पुढे विशाखापट्टणमच्या गोदीत त्याची जुळणी झाली. बोटीतील वाफेच्या टर्बाइनचे काम पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याकडे होते. म्हणजे, उसाच्या मळ्यांतून उभे राहिलेले एक गाव आणि कापडाच्या गावाशेजारचे एक बंदर यांनी मिळून समुद्राखालचे एक जहाज घडविण्यास हातभार लावला. हे काम चालू असताना त्याचा गवगवा झाला नाही. सुरतेच्या माणसांनाही आपल्या अंगणात काय घडते आहे याची वार्ता २६ जुलै २००९ रोजी बोटीचे जलावतरण झाल्यानंतरच नीट लागली.

येथे ग्रंथालयाच्या सभासदांसाठी थोडे विषयांतर. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, त्यामुळे ‘नॉटिलस’ आणि तिचा कप्तान नेमो हे येथे अनेकांचे बालपणीचे सोबती असतील. व्हर्नने १८७० च्या सुमारास कल्पिलेला हा समुद्राखालचा एकाकी कप्तान मूळचा कोण, हे त्याने पुढच्या एका कादंबरीत उघड केले. तो बुंदेलखंडाचा राजपुत्र निघाला, सत्तावनच्या उठावात घरदार गमावलेला. साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध पाणबुड्या भारतीय आहे, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. जगातील पहिल्या अणुपाणबुडीचे नावही ‘नॉटिलस’च होते. अमेरिकेची ही बोट १७ जानेवारी १९५५ रोजी प्रथम अणुशक्तीवर चालली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली.

अणुपाणबुडी म्हणजे अणुबॉम्ब टाकणारी पाणबुडी, असा एक समज आहे. तो अर्धा चूक आहे. नावातील ‘अणु’ हा प्रथम तिच्या इंजिनाचा आहे. साध्या पाणबुडीचे इंजिन डिझेलचे असते. डिझेल जळण्यास हवा लागते, म्हणून पाण्याखाली ती विजेच्या घटांवर चालते आणि घट उतरले की भारित करण्यासाठी तिला पृष्ठभागाजवळ येऊन नळीवाटे श्वास घ्यावा लागतो. शत्रू त्याच घटकेची वाट पाहत असतो. अणुभट्टीला हवा लागत नाही. युरेनियमच्या विभंजनातून उष्णता निघते, मोठ्या दाबाखालचे पाणी ती वाहून नेते, त्या उष्णतेने दुसऱ्या फेऱ्यातील पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनने पंखा. समुद्राचे पाणी गोडे करता येते, पाण्याचे पृथक्करण करून प्राणवायू मिळविता येतो. अशी बोट महिनोन्‌महिने खाली राहू शकते. तिची मर्यादा ठरते ती कोठीतील शिध्याने आणि आतल्या माणसांच्या धीराने.

आणि येथेच अधिकाऱ्याचा प्रश्न येतो. चुलीतले लाकूड बाहेर ओढले की चूल निवते. अणुभट्टीचे तसे नाही. नियंत्रक दांडे खाली सोडून साखळी-प्रक्रिया थांबविली, तरी त्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होतच राहते. ती हळूहळू कमी होते, पण तोवर तिला सतत पाण्याने वाहून न्यावेच लागते. बाहेर समुद्राचा दाब दर दहा मीटरांना एका वातावरणाने वाढत जातो. तीनशे मीटर खोलीवर तो दर चौरस सेंटिमीटरला तीस किलोंच्या घरात जातो. या दोन शक्तींच्या मध्ये, शंभर-सव्वाशे मीटर लांबीच्या नळकांड्यात, रात्री दोन वाजता पाळीवर बसलेला पंचविशीतला एक तरुण. काट्यांकडे पाहून त्याने एक निर्णय घ्यायचा असतो. किनाऱ्यावर दूरध्वनी करून विचारण्याची सोय नाही, कारण बोलले की ठिकाण कळले.

भारतीय नौदलाची पाणबुडी शाखा ८ डिसेंबर १९६७ रोजी ‘कलवरी’ या सोव्हिएत बनावटीच्या बोटीने सुरू झाली. अणुशक्तीवरील बोट त्यानंतर वीस वर्षांनी आली. सोव्हिएत संघाकडून भाडेपट्ट्याने घेतलेली ‘चक्र’ ५ जानेवारी १९८८ रोजी व्लादिवोस्तोक येथे नौदलात दाखल झाली आणि फेब्रुवारीत विशाखापट्टणमला पोहोचली. नौदलप्रमुखपदी त्या वेळी अॅडमिरल जयंत गणपत नाडकर्णी हे मराठी अधिकारी होते. कॅप्टन रवी गणेश हे ‘चक्र’चे पहिले कप्तान. त्यांच्या खलाशी-अधिकाऱ्यांनी सोव्हिएत संघात राहून, आधी रशियन भाषा शिकून, मग त्या भाषेतून अणुभट्टीचे शास्त्र शिकून ही विद्या हस्तगत केली. तिशी ओलांडलेल्या, दर्यावर नाव कमावलेल्या अधिकाऱ्यांनी पुन्हा बालबोध अक्षरे गिरवावीत, ही गोष्ट सोपी नव्हती. १९९१ मध्ये बोट परत गेली. हाती उरली ती विद्या.

स्वदेशी भट्टीचे काम तेव्हाही चालू होते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे १९९६ पासूनचे संचालक व २००० ते २००९ या काळातील अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांच्या कारकिर्दीतील हे एक मोठे आणि पुष्कळ काळ अबोल राहिलेले प्रकरण. कल्पाक्कमला या भट्टीचा जमिनीवरील नमुना उभारला गेला. ‘अरिहंत’मधील भट्टी १० ऑगस्ट २०१३ रोजी प्रज्वलित झाली, बोट २०१६ मध्ये नौदलात आली, आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजी तिची धाकटी बहीण ‘अरिघात’ दाखल झाली. कोणत्याही शास्त्राला अधिकारी मिळण्याआधी शिक्षक मिळावे लागतात. येथे ते मिळण्यास तीन दशके लागली.

आता सचिनच्या त्या मुलाकडे वळू. रस्ता गुप्त नाही; गुप्तता पुढे येते. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित असले पाहिजे. वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान असताना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते. संघ लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. लेखी परीक्षा उतरली की पाच दिवसांची निवड मंडळाची मुलाखत. नंतर खडकवासल्यास तीन वर्षे आणि केरळातील एळिमला येथील नौदल प्रबोधिनीत एक वर्ष. अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर थेट एळिमलाला चार वर्षांच्या पदवीसाठी जाण्याची दुसरीही वाट आहे. खडकवासल्याचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे. अमेरिकेच्या पाणबुड्यांवर स्त्री-अधिकारी २०११ पासून आहेत, हे येथील मुलींच्या पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बाहेरगावच्या मराठी मुलांची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात सातारची सैनिकी शाळा १९६१ पासून आहे, औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ मध्ये निघाली. तेथे या परीक्षांचे वारे शाळेच्या वर्गापर्यंत येते. यंत्रमागाच्या गावात ते येत नाही. मुलाला बुद्धी नसते असे नाही. परीक्षेचा अर्ज केव्हा निघतो हे सांगणारे माणूस शेजारी नसते. वाचनालयाच्या टेबलावर पडलेले एक वर्तमानपत्र अशा वेळी काय करू शकते, हे या सभागृहातील ज्येष्ठांना वेगळे सांगावयास नको.

प्रबोधिनीतून बाहेर पडलेला तरुण लगेच पाणबुडीत जात नाही. आधी त्याला पृष्ठभागावरील जहाजांवर शिकावे लागते, जहाजाची पाळी एकट्याने सांभाळण्याची पात्रता मिळवावी लागते. मग त्याने स्वतः होऊन पाणबुडीची मागणी करायची. ही शाखा स्वेच्छेची आहे. विशाखापट्टणमच्या ‘सातवाहन’ या प्रशिक्षण केंद्रात पाणबुडीचे पहिले धडे दिले जातात. बुडालेल्या बोटीतून सुटून वर कसे यावे याचा सराव करण्यासाठी तेथे २०२४ मध्ये ‘विनेत्र’ हे नवे केंद्र उघडले. नंतर प्रत्यक्ष बोटीवरील उमेदवारी. प्रत्येक नळ, प्रत्येक झडप, प्रत्येक विजेची तार कोठून कोठे जाते ते हाताने चाचपडत शिकायचे; अधिकारी असो वा खलाशी, दोघांनीही. परीक्षक अंधारात उभे करून विचारू शकतात, कारण अपघात उजेडाची वाट पाहत नाही. ही परीक्षा उतरल्यावर छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लागते. अणुबोटीवर जायचे तर त्यापुढे भट्टीचे शास्त्र आहेच. सामान्यतः ज्या वयात वर्गमित्र संसारास लागलेले असतात, त्या वयात हा तरुण पुन्हा वहीत उष्णतेची गणिते सोडवीत असतो.

परंतु गणित येते एवढ्यावर निवड होत नाही. या विद्येचा जगातील पहिला आणि सर्वांत कडक परीक्षक म्हणजे अॅडमिरल हायमन रिकोव्हर. पोलंडमध्ये जन्मलेला, लहानपणी आईबरोबर अमेरिकेत आलेला हा ठेंगणा, तिरसट माणूस अमेरिकेच्या आण्विक नौदलाचा जनक ठरला. उमेदवार अधिकाऱ्यांची मुलाखत तो स्वतः घेई. १९५२ मध्ये त्याच्यापुढे जॉर्जियातील एका शेंगदाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा बसला होता, नाव जिमी कार्टर. मुलाखत दोन तासांहून अधिक चालली. रिकोव्हर एकदाही हसला नाही. ज्या विषयात कार्टरला गती वाटत होती, त्याच विषयात एकेक प्रश्न विचारून त्याला फार थोडे कळते हे त्याने दाखवून दिले. अखेरीस विचारले, नौदल विद्यालयात क्रमांक कितवा? कार्टरने छाती फुगवून सांगितले, आठशे वीसमध्ये एकोणसाठावा. अभिनंदन होईल अशी त्याची अपेक्षा. त्याऐवजी प्रश्न आला : तू आपल्याकडून होते तेवढे सर्व केलेस काय? ‘होय’ ओठांपर्यंत आले होते. मग त्याला आठवले ते आळसात घालविलेले तास, आणि तो म्हणाला, नाही, नेहमीच नाही. रिकोव्हरने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, खुर्ची फिरवली आणि एकच प्रश्न टाकला : का नाही? या प्रश्नाचे उत्तर कार्टरला त्या वेळी देता आले नाही. पुढे अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिहिलेल्या आत्मवृत्ताला त्याने त्याच प्रश्नाचे नाव दिले.

या प्रसंगाची नेहमी सांगितली जाणारी शिकवण ही की, कष्ट करावे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. कार्टर ‘होय’ म्हणाला असता तर काय झाले असते? क्रमांक तोच, बुद्धी तीच. पण आपल्या कामातील उणीव वरिष्ठाच्या तोंडावर कबूल करता न येणारा अधिकारी रात्री दोनच्या पाळीला धोक्याचा असतो. काटा चुकीचा वाचला गेला, झडप वेळेवर फिरविली नाही, पाच मिनिटे डोळा लागला, हे जो लपवितो तो शत्रूवाचून बोट बुडवितो. जगापासून सर्व काही लपविणे हा ज्या बोटीचा धर्म, तिच्या आत मात्र कोणापासून काहीही लपविता येत नाही. या दोन टोकांच्या सवयी एकाच माणसाच्या अंगी बाणवाव्या लागतात, आणि या नोकरीच्या उमेदवारीतील सर्वांत कठीण भाग तोच आहे. पोहणे, गणित, रशियन भाषा हे सर्व त्यापुढे सोपे म्हटले पाहिजे.

निवड होऊन थोडे महिने झाले तोच कार्टरला या विद्येची दुसरी बाजू दिसली. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी बिघडून तिचा गाभा वितळला. ती उलगडण्यासाठी गेलेल्यांत कार्टरची तुकडी होती. जवळच्या टेनिसच्या मैदानावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती मांडून त्यांनी सराव केला. कारण आत एका माणसाने फार तर दीड मिनिट थांबायचे, तेवढ्यात ठरलेले पेच काढायचे आणि बाहेर पळायचे. पुढच्याच वर्षी वडील कर्करोगाने गेले. थोरल्या मुलाने घरची शेती पाहावी की पाणबुडी? कार्टरने नौदल सोडले. त्याच्या पत्नीस हा निर्णय मुळीच रुचला नव्हता. अणुपाणबुडीवरील त्याची कारकीर्द अशी उमेदवारीतच संपली. आपल्याकडील घराघरांत ज्यावरून रात्री जागविल्या जातात, तोच हा प्रश्न.

पालकांपासून धोका लपवू नये. अमेरिकेची ‘थ्रेशर’ १० एप्रिल १९६३ रोजी १२९ जणांसह बुडाली. रशियाची ‘कुर्स्क’ १२ ऑगस्ट २००० रोजी ११८ जणांसह. ज्या व्लादिवोस्तोकला पुढे ‘चक्र’ मिळाली, त्याच्याजवळच १० ऑगस्ट १९८५ रोजी एका अणुबोटीत इंधन बदलताना स्फोट होऊन दहा जण जागीच ठार झाले. आपल्या मुंबईच्या गोदीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी ‘सिंधुरक्षक’ ही डिझेलची बोट स्फोटाने बुडाली. अठरा जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईनजीक समुद्रात ‘सिंधुरत्न’मध्ये धूर झाला, तेव्हा कपिश मुवाल आणि मनोरंजन कुमार हे दोन तरुण अधिकारी आत राहिले आणि बोट वाचली. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पदाचा राजीनामा दिला. रिकोव्हरच्या खोलीतील त्या प्रश्नाला सर्वोच्च पदावरील अधिकाऱ्याने दिलेले हे उत्तर होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्या राजीनाम्याने बोटी सुधारल्या काय, हा वाद वेगळा. तोही व्हावयास हवा.

किरणोत्साराची भीती मात्र लोक समजतात तेवढी नाही. भट्टीभोवती जाड संरक्षक भिंत असते आणि प्रत्येकाच्या अंगावरील मापकातून त्याला मिळालेल्या किरणांचा हिशेब ठेवला जातो. खरा भार दुसराच. ऊन नाही, दिवसरात्रीचा भेद पाळ्यांवरून, वर्तमानपत्र नाही, घरचा आवाज नाही. आणि घरच्यांच्या वाट्याला त्याहून अधिक. सैनिकाची आई निदान नकाशावर बोट ठेवून सांगू शकते की मुलगा इथे आहे. या आईला सारा समुद्र दाखवावा लागेल. शेजारीण विचारील, कुठे असतो हो तुमचा मुलगा? आणि तिला खरोखरीच ठाऊक नसेल.

अमेरिकेच्या क्षेपणास्त्रवाहू अणुबोटींवर एक प्रथा पडली होती. फेरीवर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना, दोन-अडीच महिन्यांत ठरावीक वेळा, थोड्या शब्दांचा निरोप रेडिओने पाठविता येई. शब्द मोजून दिलेले असत आणि धाडण्यापूर्वी नौदलाचा माणूस ते वाचून पाही. त्यात बाळाचा पहिला दात असे, दुरुस्त झालेले छप्पर असे, शाळेचा निकाल असे. वाईट बातमी सहसा पोहोचविली जात नसे. ती बोट परतेपर्यंत किनाऱ्यावरच थांबे. समुद्राखालच्या माणसाला तो निरोप कागदाच्या पट्टीवर मिळे आणि तो पट्टी खिशात ठेवून पाळीवर जाई. उलट निरोप धाडण्याची सोय नव्हती. घरची मंडळी तरीही पुढच्या खेपेसाठी शब्द मोजीत बसत.